जुने फोटो स्कॅनरवर ठेवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या कपाटात सहाशेच्या आसपास काचेच्या निगेटिव्ह, दोन हजारांच्या घरात सुटे फोटो, अकरा आल्बम आणि फिल्म निगेटिव्हचे दोन पत्र्याचे डबे आहेत. काळ साधारण 1870 ते 1960. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा. पुस्तकं स्कॅन करून देणाऱ्या एका एजन्सीने प्रतिपान दर दिला आहे. त्यांना काम द्यावं की उपकरणं घेऊन ग्रंथालयातच करावं? आणि किती डीपीआयला, म्हणजे इंचाला किती ठिपके टिपून?

प्रतिपान दराने देऊ नका, हे सर्वांत आधी. पुस्तकाच्या पानावर असतं ते सगळं पानावरच असतं. फोटोची निम्मी माहिती मात्र चित्राबाहेर असते: पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने मोडीत लिहिलेली ओळ, स्टुडिओचा छापील शिक्का, काच ज्या पाकिटात होती त्यावरचा क्रमांक, आणि पाकिटं कपाटात ज्या क्रमाने लागली होती तो क्रम. नगावर पैसे मिळणारा माणूस पाकीट बाजूला टाकतो, पुढची बाजू तेवढी स्कॅन करतो, आणि काही महिन्यांनी तुमच्या हातात अडीच हजार सुबक फाइली येतात. त्यांतल्या किती कुठल्या, कुणाच्या, केव्हाच्या हे मग कुणालाच सांगता येत नाही. म्हणून नोंद आधी, स्कॅन नंतर. डीपीआय ठरवायचा आहेच, पण तो पुढचा मुद्दा.

सुरुवात फिल्मच्या डब्यांपासून करा, आणि तीही आजच. 1950 च्या आधीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असू शकते. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे पाणी ओतून किंवा झाकून ती आग विझत नाही. आणि सडलेली फिल्म 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात बंद कपाटातला पत्र्याचा डबा तेवढा तापायला वेळ लागत नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, त्यात जुन्या भारतीय चित्रपटांच्या कितीतरी प्रती गेल्या. ओळखायचं असं: कडेला 'सेफ्टी' छापलेलं असेल तर ती ॲसिटेट, म्हणजे सहज पेट न घेणारी. सुट्या शीट फिल्मच्या कोपऱ्याजवळ खाचा असतात; कोडॅकच्या जुन्या शीटवर कडेकडून पहिली खाच 'व्ही'सारखी टोकदार असेल तर नायट्रेट, 'यू'सारखी गोल असेल तर सेफ्टी. तुकडा कापून जाळून बघण्याची 'परीक्षा' काही जण सुचवतात, ती अजिबात करू नका. पिवळी पडलेली, चिकट झालेली, नाकाला झोंबणारा वास येणारी फिल्म इमारतीबाहेर, सावलीत, हवेशीर जागी हलवा आणि विद्यापीठाच्या अग्निसुरक्षा विभागाला लेखी कळवा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती सडत चाललेली ॲसिटेट. तिला आगीचा धोका नाही, पण तिच्या वाफांनी शेजारची फिल्मही लवकर सडते, म्हणून डबा वेगळ्या खोलीत. बंद डब्यात एक दिवस ए-डी पट्टी, म्हणजे आम्लाच्या वाफांनी रंग बदलणारी कागदी पट्टी, ठेवली तर निळ्या पट्टीचा रंग जितका पिवळ्याकडे झुकेल तितकी सड पुढे गेलेली. असा डबा स्कॅनिंगच्या रांगेत पहिला.

मग क्रमांक. कपाटातून काहीही काढण्याआधी प्रत्येक कप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या, डाव्या हाताकडून सुरुवात करून. त्यानंतर एकेक वस्तू बाहेर काढून दाखलनोंद: अनुक्रमांक, कप्पा, प्रकार, आकार मिलिमीटरमध्ये, पुढचा-मागचा मजकूर जसाच्या तसा, अवस्था. क्रमांक फोटोच्या मागे, कोपऱ्यात, मऊ 2बी पेन्सिलीने, फोटो कडक सपाट पृष्ठावर ठेवून आणि न दाबता. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, जेल पेनची शाई पुढच्या फोटोला लागते. ग्रंथालयाचा गोल शिक्का फोटोवर, पुढे वा मागे, कुठेच मारायचा नाही. काचेवर काहीच लिहायचं नाही; क्रमांक नव्या पाकिटावर, आणि तोही काच आत ठेवण्याआधी. जुनी पाकिटं फेकू नका. त्यांचा आम्ल कागद काचेला वाईट म्हणून ती वेगळ्या खोक्यात, पण त्याच क्रमाने ठेवा, आणि प्रत्येकाची प्रतिमा घ्या.

मोडी वाचणारी व्यक्ती याच टप्प्यावर गाठायला हवी. मजकुरात बऱ्याचदा शके असतो: त्यात 78 मिळवले की इसवी सन, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखांना 79. शके 1830 म्हणजे 1908-09. नोंदीत आधी मूळ शके, मग काढलेला सन, आणि तो आपण काढला आहे हा उल्लेख. नुसता सन लिहिला तर पुढच्याला चूक शोधताच येत नाही.

आता काच. तुमच्या काळाच्या संग्रहात दोन प्रकार मिळतील. जुन्या काचा, ज्यांवर चित्र धरणारा लेप कोलोडियन या चिकट द्रावणाचा असतो: हाताने कापलेल्या ओबडधोबड कडा, लेप ओतल्याच्या लाटा, एखादा कोपरा बोटाने धरल्यामुळे कोरा राहिलेला, रंग दुधाळ तपकिरी. 1880 नंतरच्या बहुतेक जिलेटिनच्या: लेप एकसारखा, करडा-काळा, आणि कडांकडून आत येणारी निळसर चांदीची झाक. हा फरक माहीत हवा, कारण जिलेटिन पाण्याने फुगतं आणि कोलोडियनचं वॉर्निश अल्कोहोलने विरघळतं. म्हणून लेपाच्या बाजूला कुठलंही द्रव नाही. रबरी फुग्याची हवा आणि अगदी मऊ ब्रश, तोही लेप कुठे सुटलेला नसेल तरच. काचेची बाजू पुसायची तर ऊर्ध्वपातित पाण्यात जेमतेम ओलावून पिळलेल्या कापसाने, कडेपासून थोडं आत थांबून. कोलोडियन असेल किंवा तशी शंका असेल, तर तेही नाही. आणि त्याआधी काच तिरकी धरून बघा. स्टुडिओवाले आकाश झाकायला किंवा पार्श्वभूमी उडवायला काचेच्या बाजूने लाल वा काळा रंग लावत, कधी कागदाची पट्टी चिकटवत. ती घाण समजून पुसली गेली की त्या छायाचित्रकाराच्या हाताची खूण कायमची गेली.

एक काच हाताळण्याचा क्रम असा. टेबलावर फोमचा सपाट तुकडा, त्यावर स्वच्छ टिपकागद. हातात पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे. सुती मोज्यांतून काच निसटते आणि सुटलेल्या लेपाचे पापुद्रे धाग्यांत अडकून येतात. पाकिटातून काच ओढायची नाही, जुन्या पाकिटाची शिवण कापून ते उलगडायचं. समोरासमोरच्या कडा दोन्ही हातांनी धरायच्या. दिव्याखाली तिरकी केली की चकचकीत बाजू ती काच, मंद बाजू तो लेप. काचेची बाजू खाली, लेप वर, अशी ती प्रकाशपेटीवर ठेवायची; लेप कशालाच टेकत नाही. लेप कॅमेऱ्याकडे असल्याने चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल. ते मूळ फाइलमध्ये तसंच राहू द्यायचं आणि वापरायच्या प्रतीत सुलटं करायचं. सुलटं झालं की नाही हे पाटीवरच्या अक्षरांवरून, किंवा पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आहे ना, यावरून तपासा. लँटर्न स्लाइड, म्हणजे पडद्यावर दाखवायची काचेवरची चित्रं, निघाल्या तर त्यांच्या एका कोपऱ्यात कागदी टिकली असते: चित्र सरळ आणि सुलटं दिसत असताना ती खाली डाव्या कोपऱ्यात यायला हवी.

तडकलेली काच उचलताना खाली पुठ्ठा सरकवा. तुकडे झाले असतील तर ते स्वच्छ काचेच्या तावावर मांडताना कडा एकमेकींना भिडू देऊ नका, मिलिमीटरभर फट राहू द्या. भिडवल्या की कडेवरचा लेप घासून जातो आणि ती रेष पुन्हा जुळत नाही. चिकटपट्टी कधीच नाही.

उपकरणांत तुमच्या संग्रहाला दोन्ही लागतील: कॅमेरा-स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा) मुख्य, फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) सोबतीला. फ्लॅटबेडमध्ये पारदर्शक वस्तूंसाठी 8×10 इंचांचा वरचा दिवा असलेला घ्यावा, एप्सन व्ही850 सारखा. त्यावर लिहिलेला 6400 चा आकडा मनावर घेऊ नका. अशा स्कॅनरचं खरं रिझोल्यूशन त्याच्या निम्म्याहून कमी भरतं. आपल्याला काचांसाठी 1200 हवं आहे, ते मिळतं. काच थेट स्कॅनरच्या काचेवर टेकवली तर इंद्रधनुषी वलयं येतात. कडांखाली पुठ्ठ्याच्या पातळ पट्ट्या घाला. स्कॅनरचा फोकस ठरलेल्या उंचीवर असतो, म्हणून एकच काच 1, 2 आणि 3 मिलिमीटर उंचीवर ठेवून तीन स्कॅन करा आणि सर्वांत रेखीव येणारी उंची कायम करा. धूळ काढणारी 'डिजिटल आइस' सुविधा बंद ठेवा: ती इन्फ्रारेडने धूळ शोधते, आणि कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदीच तिला धूळ वाटते. आपोआप शार्पनिंग, आपोआप एक्स्पोजर, हेही बंद.

कॅमेऱ्याचं गणित लांब बाजूने करायची चूक सर्रास होते. 45 मेगापिक्सेलचा कॅमेरा 8256×5504 पिक्सेल देतो. 8×10 इंची फोटोला चारही बाजूंनी पाव इंच समास सोडला तर आखूड बाजू साडेआठ इंच. 5504 भागिले 8.5, म्हणजे इंचाला सुमारे 647 पिक्सेल. फोटोसाठी 600 पुरेसे आहेत, तेव्हा हे ठीक. हाफ प्लेट, म्हणजे 4¾×6½ इंचांची काच, त्याच हिशोबाने 1048 ला बसते, तेही चालेल. फुल प्लेट, 6½×8½ इंच, मात्र 786 वरच अडकते, म्हणून त्या काचा फ्लॅटबेडवर 1200 ला. उलट कार्त द व्हिझितसारखे छोटे फोटो, पुठ्ठा धरून साधारण 2½×4 इंचांचे, 1200 ला घ्यावेत. चेहरा करंगळीच्या नखाएवढा असतो आणि लोक तोच मोठा करून बघणार असतात.

स्टँडवर मॅक्रो लेन्स, छिद्र एफ/8, आयएसओ सर्वांत कमी, दोन्ही दिवे 45 अंशांवर, त्यांचा रंगनिष्ठा निर्देशांक (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) 95 च्या वर. कॅमेरा समांतर आहे का हे बघायला पाटावर छोटा आरसा ठेवा: पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसलं पाहिजे. हे रोज सकाळी, आणि स्टँडला धक्का लागला की पुन्हा. प्रकाशपेटी स्वस्त असेल तर तिचे ठिपके चित्रात उतरतात. काच तिच्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर, दुधी ॲक्रिलिकवर ठेवा आणि भोवती काळ्या पुठ्ठ्याची चौकट लावा, नाहीतर कडेचा उजेड लेन्समध्ये शिरून सावल्या फिकट करतो. आडव्या पट्ट्या दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे; शटर 1/15 किंवा त्याहून संथ करा. आणि खोलीतला पंखा बंद. पंख्याने स्टँड थरथरतो, वळलेले फोटो उडतात, धूळ बसते. यावर कर्मचारी नाराज होतील, म्हणून ते काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. पावसाळ्यात तसंही फोटो बाहेर काढू नयेत: सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली की जिलेटिन मऊ पडतं, एकमेकांना चिकटतं, बुरशी धरतं.

सुट्या फोटोंत अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप असलेले, म्हणजे अल्ब्युमेन कागदावरचे, पातळ आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, उजळ भाग पिवळसर. त्यांना उजेड फार सोसत नाही. दिवे फक्त शॉटपुरते पूर्ण लावा. पुठ्ठ्यापासून कुठलाही फोटो सोडवायचा नाही. वळलेला फोटो काचेखाली दाबायचा नाही, तो तडकतो. कडांना वजनाच्या छोट्या पट्ट्या ठेवून जितका बसेल तितकाच. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकट घ्या. सावल्यांवर चांदीची झाक असेल तर दिव्यांवर आणि लेन्सवर ध्रुवीकरण फिल्टर आडवे-उभे लावल्याने ती मरते, पण त्याने काळा रंग मुळापेक्षा गडद होतो. म्हणून एक साधा शॉट आणि एक फिल्टरचा, दोन्ही ठेवा. प्रत्येक फोटोची मागची बाजूही घ्या, 300 ला चालेल. कोरी असली तरी घ्या: मागे काही नव्हतं हेही नंतर विचारलं जातं.

आल्बम मोडायचा नाही. मुखपृष्ठ, प्रत्येक पान पूर्ण, मग पानावरचा एकेक फोटो, या क्रमाने. फोटोखालची सही आणि शेजारच्या फोटोचा संदर्भ पानाच्या शॉटमध्येच टिकतो.

मूळ फाइल टिफ, 16 बिट, कुठलंही कॉम्प्रेशन नाही. फोटो कृष्णधवल वाटला तरी रंगीत घ्या, कारण सेपिया, पिवळेपणा, शाई ही माहितीच आहे. काचेच्या निगेटिव्ह ग्रेस्केलमध्ये, निगेटिव्हच ठेवून. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, दोन्ही टोकांना न कापता. फार गडद काचेचे दोन एक्स्पोजर. रंगपट्टी आणि मोजपट्टी प्रत्येक फोटोच्या शॉटमध्ये, कडेला. मूळ फाइलमध्ये ओरखडे पुसणं, कातरणं, कॉन्ट्रास्ट वाढवणं काहीच नाही; ते सगळं जेपेग प्रतीत. फाइलच्या नावात रोमन छोटी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच: संग्रहाचं संक्षिप्त रूप, पाच अंकी दाखल क्रमांक, बाजू. नावात 'दीक्षान्त समारंभ' घालण्याचा मोह टाळा. उद्या तो दीक्षान्त नसून पायाभरणी होती असं निघालं की नाव बदलावं लागतं आणि सगळे दुवे तुटतात.

जागा वाटते तेवढी लागत नाही. 8×10 चा फोटो 600 ला 16 बिट रंगीत म्हणजे सुमारे 173 एमबी. फुल प्लेट 1200 ला ग्रेस्केल सुमारे 160 एमबी. सगळा संग्रह, मागच्या बाजू धरून, अर्ध्या टेराबाइटच्या आसपास. आल्बम आणि कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइली मिळून एक-दीड टेराबाइट. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. फाइल तयार होईल त्याच दिवशी तिचा एसएचए-256 चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तपासा. हार्ड डिस्कवर फाइल उघडते आहे म्हणजे ती शाबूत आहे असं नाही.

खरा वेळ वर्णनात जातो. सराव झालेली दोन माणसं दिवसाला 50 काचा किंवा 80 फोटो करतात, म्हणजे कॅमेऱ्याचं काम दोनेक महिन्यांत उरकतं. वर्णनाला प्रत्येकी 20 मिनिटं धरली तरी 2,600 वस्तूंना 860 तासांच्या वर, रोज सहा तास धरून 145 दिवस. हे काम इथल्या माणसांनीच करायचं. स्थळाचं तेव्हाचं आणि आताचं नाव दोन्ही लिहा: गणेशखिंडीतली गव्हर्नरची कोठी 1949 पासून विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तेव्हा 'गव्हर्न्मेंट हाउस' शोधणाऱ्याला आणि 'पुणे विद्यापीठ' शोधणाऱ्याला एकच फोटो सापडला पाहिजे. तारखेसाठी चित्रातल्या वस्तू वाचा. मुंबईच्या मैदानापलीकडे राजाबाई टॉवर पूर्ण दिसतो आहे म्हणजे फोटो 1878 किंवा नंतरचा. पुण्यातल्या नदीकाठचे वाडे सलग उभे दिसतात, म्हणजे बहुधा 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराआधीचा. सामूहिक फोटोत नावं ओळीनुसार, डावीकडून. ओळख पटली नसेल तर 'अज्ञात', आणि बायकांना नुसतं 'पत्नी' म्हणून सोडून देऊ नका, दाखल्यांत आणि विद्यार्थिनींच्या यादीत नावं सापडतात. जुन्या लेबलवर एखाद्या जातीजमातीबद्दल अपमानकारक शब्द असेल तर तो मूळ मजकूर म्हणून अवतरणात राहू द्या, शीर्षक मात्र तुमच्या शब्दांत द्या.

खुलं करण्यापूर्वी हक्क बघा. 2012 च्या दुरुस्तीआधी छायाचित्राला प्रकाशनापासून 60 वर्षांचं संरक्षण होतं, आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांचं. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंना अडचण नाही. 1940 नंतरच्या स्टुडिओ फोटोंसाठी विधी विभागाचं मत घ्या आणि दानपत्रं शोधा.

एजन्सी घ्यायचीच असेल तर निविदेत हे लिहा: मूळ वस्तू आवाराबाहेर जाणार नाहीत, आपोआप कागद ओढणारा स्कॅनर वापरला जाणार नाही, आधी 50 वस्तूंचा नमुना, आणि तो मोजपट्टीवर तपासून मंजूर झाल्याशिवाय पुढचं काम नाही, रॉ फाइलीही द्यायच्या, दर प्रकारानुसार वेगळा, पान म्हणून सरसकट नाही. सर्वांत कमी दराची अट असेल तर तांत्रिक पात्रतेत काचेच्या निगेटिव्हचा आधीचा अनुभव अनिवार्य ठेवा.

मार्चच्या निधीचं म्हणाल, तर तो वस्तूंवर खर्च करा, कारण त्या आत्ता घेता येतात: कॅमेरा, स्टँड, दिवे, फ्लॅटबेड, तीन प्रतींसाठी डिस्क, एक आर्द्रताशोषक यंत्र, दोन आर्द्रतामापक, आणि फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट (कागद फोटोला अपाय करत नाही ना, याची चाचणी) उत्तीर्ण झालेल्या कागदाची चार पाखांची, म्हणजे चारही बाजूंनी दुमडणारी, पाकिटं. काचा उभ्या, लांब कडेवर ठेवायच्या. फुल प्लेट सुमारे 180 ग्रॅमची असते, 50 काचांचं खोकं नऊ किलोंचं होतं. म्हणून खोक्यात 25 च आणि खोकं कमरेच्या उंचीच्या लोखंडी मांडणीवर. मोडी वाचकाचं मानधन आणि वर्णनासाठीच्या दोन जागा पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आत्ताच मागून ठेवा.